फायब्रोस्कॅनचा आकडा २६.८: आजार लिव्हरचा की हृदयाचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आई ६३ वर्षांच्या. लहानपणी संधिवाताचा ताप आला, त्यात हृदयाच्या झडपा बिघडल्या, १७ वर्षांपूर्वी डाव्या बाजूची झडप बदलली. आता उजव्या बाजूची झडप गळतेय, ठोके अनियमित आहेत, संध्याकाळी पाय सुजतात. लघवीची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. एका आरोग्य शिबिरात फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजायची तपासणी झाली, आकडा आला २६.८ किलोपास्कल आणि त्याखाली छापून आलं ‘एफ-४, सिरॉसिस’, म्हणजे लिव्हरमधल्या वणाची शेवटची पायरी. दारूला कधी हात लावलेला नाही, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. हृदयाचे डॉक्टर म्हणतात घाबरू नका, पोटाचे डॉक्टर म्हणतात एंडोस्कोपी करून घ्या, मामांनी गुळवेलीचा काढा सुरू करून दिलाय. आणि आई विचारतायत, दारुड्यांचा आजार मला कसा झाला?

मी रेडिओलॉजिस्ट आहे. सोनोग्राफी १९ वर्षं करतोय, लिव्हरचा कडकपणा मोजायचं काम गेली दहाएक वर्षं. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान सांगत नाही. पण या आकड्याकडे कसं बघायचं ते नक्की सांगू शकतो.

तुम्ही विचारलंय की मशीन चुकलं का. मशीन बहुधा बरोबरच आहे. आकड्याखाली जो शब्द छापला गेला, तो मात्र तुमच्या आईंसारख्या रुग्णांसाठी बनलेलाच नव्हता.

फायब्रोस्कॅनमध्ये बरगड्यांच्या मधल्या फटीत प्रोब टेकवतात. तो कातडीवर हलकी टिचकी मारतो. त्या टिचकीची लहर लिव्हरमध्ये शिरते, अल्ट्रासाउंड तिच्या मागे धावतं आणि तिचा वेग मोजतं. मऊ लिव्हरमधून लहर सावकाश जाते, कडक लिव्हरमधून जोरात. वेगाच्या वर्गाला तिनाने गुणलं की किलोपास्कल मिळतात. सेकंदाला १ मीटर वेग असेल तर ३ किलोपास्कल, २ मीटर असेल तर १२, ३ मीटर असेल तर २७. म्हणजे आईंच्या लिव्हरमधून लहर सेकंदाला जवळपास ३ मीटर वेगाने गेली. मशीनला कळलं ते एवढंच. का गेली, हे त्याला कळायला मार्ग नाही.

मग ‘एफ-४’ आलं कुठून? या पायऱ्या प्रामुख्याने हिपॅटायटिसच्या रुग्णांवरून ठरल्या. त्यांच्या लिव्हरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो फायब्रोस्कॅनशी ताडला, आणि उदाहरणार्थ हिपॅटायटिस सी मध्ये १२.५ किलोपास्कलच्या पुढे सिरॉसिस समजायचं असं ठरलं. त्या लोकांची हृदयं धडधाकट होती. त्यांच्या लिव्हरमध्ये कडकपणा वाढवणारी मुख्य गोष्ट एकच होती, जखमेच्या वणासारखे तंतू. तुमच्या आईंच्या बाबतीत दुसरी एक मोठी गोष्ट आहे. ती म्हणजे तुंबलेलं रक्त.

लिव्हरमधलं रक्त तीन मोठ्या शिरांतून बाहेर पडतं आणि लगेच शरीराच्या खालच्या भागातून येणाऱ्या मुख्य शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातं. हे अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचं आणि वाटेत एकही झडप नाही. उजवी झडप गळायला लागली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त उलट दिशेने ढकललं जातं आणि त्याचा पहिला धक्का लिव्हरला बसतो. लिव्हरभोवती घट्ट वेष्टण असतं, त्यामुळे ते फुगून फुगून किती फुगणार? शेकायची रबरी पिशवी आठवा. अर्धी भरली की हातात लिबलिबते, गच्च भरली की टणक लागते. रबर तेच असतं.

हे नुसतं माझं मत नाही. जर्मनीत हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये डुकराच्या वेगळ्या काढलेल्या लिव्हरवर हेच दाखवलं. शिरेतला दाब पाण्याच्या ३६ सेंटिमीटर उंचीइतका वाढवला, तर कडकपणा मशीनच्या वरच्या टोकाला, म्हणजे ७५ किलोपास्कलला जाऊन भिडला. लिव्हर निरोगी, एक तंतू वाढलेला नाही, आणि आकडा ७५! दाब कमी केला की आकडाही उतरायचा. त्याच अभ्यासात हृदय निकामी होऊन अंगावर पाणी साठलेले दहा रुग्ण होते. त्यांचा मधला आकडा ४०.७ होता, लघवीच्या औषधांनी पाणी उतरल्यावर तो १७.८ वर आला. हा दुसरा आकडाही लक्षात ठेवा, कारण तो निरोगी नाही. थोडा दाब उरला असेल, काहींच्या लिव्हरमध्ये खरोखर तंतूही असतील. पुढे जपानमध्ये हृदयाच्या उजव्या कप्प्यातला दाब कॅथेटरने मोजून तो फायब्रोस्कॅनशी ताडला, तर दोन्हींचा मेळ फार घट्ट निघाला. हृदय थकलेल्या माणसात हे यंत्र बऱ्याच अंशी दाबाचंच माप देतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते.

वर्षानुवर्षं रक्त तुंबत राहिलं तर लिव्हरमध्ये खरेच तंतू वाढतात. लिव्हरच्या प्रत्येक छोट्या घटकाच्या मध्यभागी, शिरेच्या तोंडाशी, पेशींना प्राणवायू कमी पडतो, त्या मरतात आणि तिथे वण उरतो. त्याला कार्डियाक सिरॉसिस म्हणतात आणि तो खरा आजार आहे. त्यामुळे ‘हृदयाचं आहे ना, मग सोडून द्या’ असं मी कुणालाही सांगत नाही. आईंच्या २६.८ मध्ये दाब किती आणि वण किती, हा खरा प्रश्न आहे, आणि एका दिवसाच्या एका मापावरून त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. त्यात मधुमेह असेल, लिव्हरवर चरबी असेल, ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोनची गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर लिव्हरला इजा व्हायला आणखी कारणं मिळतात. हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांना जरूर सांगा.

शिबिरातल्या मापाबद्दल माझ्या मनात काही शंका आहेत. तपासणीआधी निदान तीन तास पोट रिकामं लागतं, कारण जेवल्यावर लिव्हरकडे रक्त जास्त येतं आणि आकडा वाढतो. शिबिरात लोक पोहे-चहा घेऊनच रांगेत बसतात. दुसरं, दहा मापं नीट यावी लागतात आणि त्यांच्यातला फरक फार नसावा. अहवालावर ‘आयक्यूआर’ असं लिहून या फरकाची टक्केवारी असते, ती ३० च्या वर असेल तर तो आकडा मी धरतच नाही. तिसरं, पोटात पाणी असेल तर साध्या फायब्रोस्कॅनची लहर त्या पाण्यातून पुढे जात नाही. आणि चौथं म्हणजे श्वास.

श्वासाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथे मी स्वतः चुका केल्यात. रुग्ण टेबलावर झोपला, उजवा हात डोक्यामागे घेतला, की आपण सवयीने म्हणतो, ‘मोठा श्वास घ्या आणि धरा.’ साध्या सोनोग्राफीत ते चालतं. इथे नाही. श्वास छातीत दाबून धरला की शिरेतला दाब चढतो आणि लिव्हर टणक होतं. मी आता सांगतो, ‘मावशी, मोठा श्वास नको. नेहमीसारखा घ्या, आणि मी थांबा म्हटलं की आहे तिथेच थांबा.’ आधी दोन-तीनदा सराव करून घेतो. ज्यांना आडवं पडल्यावर धाप लागते त्यांच्या पाठीला उशा देतो आणि किती उशा दिल्या ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तशाच देता येतात. एका काकांचा आकडा श्वास धरून १९ आला होता आणि नुसतं थांबायला सांगितल्यावर १३. माणूस तोच, सकाळ तीच.

मी सोनोग्राफीच्या मशीनवरच कडकपणा मोजतो, कारण तिथे लिव्हर डोळ्यांना दिसतं. चौकट कुठे ठेवली, मोठी शीर वाटेत आली का, हे कळतं, आणि पोटात पाणी असलं तरी अडत नाही. माप उजव्या भागातच घेतो, वेष्टणापासून दीड-दोन सेंटिमीटर आत. डावा भाग हृदयाला लागूनच असल्याने ठोक्यांनी हलत राहतो.

पण आकडा घेण्याआधी मी शिरा बघतो. लिव्हरमधून हृदयाकडे जाणारी ती मुख्य शीर किती रुंद आहे आणि श्वासाबरोबर मिटते का? ती २१ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल आणि श्वास आत ओढल्यावर अर्धीसुद्धा मिटत नसेल, तर उजव्या बाजूचा दाब चढलेला आहे असं आम्ही धरतो. मग लिव्हरच्या शिरांवर डॉपलर लावतो. नेहमी रक्त हृदयाकडे जाताना दिसतं. झडप जोरात गळत असेल तर ठोक्यागणिक लहर उलटी फिरते. ठोके अनियमित असतील तर दोन-चार ठोक्यांवर भरवसा नको, बरेच ठोके बघावे लागतात. शिरा फुगलेल्या आणि लहर उलटी दिसली, की पुढे कडकपणाचा आकडा कितीही येवो, मी अहवालात ‘सिरॉसिस’ लिहीत नाही. ‘रक्त तुंबलेलं असताना घेतलेलं माप, वणाची पायरी यावरून ठरवू नये’ असं लिहितो, आणि त्या दिवसाचं वजन व लघवीच्या गोळीचा डोस बाजूला टाकतो.

ही सवय एका चुकीतून लागली. सुरुवातीच्या काळात एका साठीच्या शेतकऱ्याच्या अहवालात मी ३४ या आकड्यासमोर ‘सिरॉसिसशी सुसंगत’ असं लिहून मोकळा झालो. पाय सुजलेले, मानेच्या शिरा टरारलेल्या, आणि मी लिव्हरशिवाय काही बघितलं नव्हतं. त्या एका ओळीमुळे त्यांचं झडपेचं ऑपरेशन तीन महिने लांबलं. सर्जनचं बरोबर होतं, खरा सिरॉसिस असेल तर ऑपरेशनचा धोका फार वाढतो. शेवटी गळ्यातल्या शिरेतून लिव्हरची बायोप्सी झाली, म्हणजे तुकडा काढून तपासला, वण अगदी थोडा निघाला. त्यांच्या मुलाने दोन्ही अहवाल माझ्यापुढे ठेवले तो दिवस मी विसरलेलो नाही.

दाब आणि वण वेगळे कसे करायचे? सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे पाणी उतरवून पुन्हा मोजणं. माझ्या एका रुग्ण बाईंचं वजन ७१ किलो होतं आणि आकडा ३१. औषधं बदलल्यावर तीन आठवड्यांत वजन ६४ वर आलं, आकडा १४. आणखी दोन महिन्यांनी ११, आणि त्यानंतर वर्षभर तो ११ च्या आसपासच राहिला. जे २० उतरले तो दाब होता. तळाशी जे राहिलं, त्यात थोडा वण असणार, असं मी त्यांच्या डॉक्टरांना कळवलं.

बाकीच्या खुणा जोडीला बघायच्या. तुंबलेलं लिव्हर बहुधा मोठं असतं, कडा बोथट, पृष्ठभाग गुळगुळीत, शिरा रुंद. सिरॉसिसमध्ये ते आक्रसतं, पृष्ठभाग खडबडीत होतो, शिरा बारीक होतात. प्लीहा मोठी आहे का आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत का, हे बघा. पोटातलं पाणी काढलं असेल तर त्यातलं प्रोटीन बघा. हृदयामुळे साठलेल्या पाण्यात ते साधारण डेसिलिटरला २.५ ग्रॅमच्या वर असतं, सिरॉसिसच्या पाण्यात बहुधा कमी. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन आणि जीजीटी थोडे चढलेले, एसजीपीटी मात्र जवळपास ठीक, असं चित्र तुंबलेल्या लिव्हरचं असतं. आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या आकड्यावर, मात्र जाऊ नका. आई रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, त्यांचा आयएनआर वाढलेलाच असायला हवा. एकाने तेवढ्यावरून ‘लिव्हर निकामी’ म्हटलेलं मी ऐकलंय.

एंडोस्कोपीचं. पोटाच्या डॉक्टरांनी हा सल्ला का दिला ते समजू शकतो. लिव्हरच्या जुन्या आजारात आकडा २० च्या खाली आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर एंडोस्कोपी टाळता येते, असा २०१५ पासूनचा मान्य नियम आहे, आणि आईंचा आकडा २० च्या वर आहे. पण तो नियमही लिव्हरच्या रुग्णांचा. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात त्या लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात मोठा फरक पडला की. हृदयामुळे दाब वाढतो तेव्हा तो दोन्हीकडे वाढतो, फरक बहुधा फारसा पडत नाही. म्हणून अशा रुग्णांत त्या शिरा फुगून रक्तस्राव होणं विरळ. मी तुमच्या जागी असतो तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगितलं असतं, आणि प्लेटलेट व प्लीहा बघून ठरवलं असतं. काहीही ठरलं तरी रक्त पातळ ठेवायची गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. बदललेल्या झडपेवर गाठ धरली तर तो धोका लिव्हरपेक्षा कितीतरी मोठा आहे.

काढा मात्र आजच थांबवा आणि तो दिला होता हे डॉक्टरांना सांगा. मामांनी मायेपोटीच दिला असणार. पण गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. शिवाय कुठला काढा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीशी कसा वागेल, याचा नेम नसतो.

मग आता करायचं काय? आधी पाणी उतरू द्या. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन आणि ते वहीत टिपून ठेवा. लोणचं, पापड, वरून मीठ बंद. लघवीच्या गोळीचा डोस हृदयाचे डॉक्टर ठरवतील. वजन दोन-तीन आठवडे एका जागी स्थिर राहिलं की पुन्हा मोजा, शक्यतो अशा ठिकाणी जिथे त्याच वेळी शिराही बघतील. पुढची सगळी मापं त्याच मशीनवर घ्या, दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. मधल्या काळात शौचाला काळं झालं, डोळे पिवळे झाले किंवा आई असंबद्ध बोलायला लागल्या, तर वाट न बघता थेट दवाखाना.

दुसरा आकडा बराच उतरला तर बरंच कोडं सुटलं, आणि पुढेही तो दाबाचं माप म्हणून उपयोगी पडेल. पाणी उतरूनही आकडा वर राहणाऱ्यांना पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मी त्यांना लवकर परत बोलावतो. वजन उतरूनही आकडा २० च्या वरच अडला, तर वण मनावर घ्यावा लागेल. तेव्हा, विशेषतः उजव्या झडपेवर काही करायचं ठरत असेल, तर गळ्यातल्या शिरेतून दाब मोजून बायोप्सी करायचा विचार होतो. त्यातही मर्यादा आहे. हृदयामुळे आलेला वण लिव्हरभर सारखा नसतो, आणि सुईत येतो तो एवढासा तुकडा.

आणखी एक, तुमच्यासाठी नसलं तरी वाचणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. चाळिशीतला एक गवंडी, दारू नाही, पण दोन वर्षं ‘सिरॉसिस’ म्हणून दर महिन्याला पोटातलं पाणी काढून घेत होता. माझ्याकडे आला तेव्हा कडकपणा ३० च्या पुढे, मुख्य शीर २६ मिलिमीटर आणि श्वासाबरोबर हलायला तयार नाही. लिव्हरचा पृष्ठभाग मात्र आरशासारखा गुळगुळीत. इको आणि सीटी केलं तर हृदयाभोवतीचं आवरण जुन्या क्षयरोगाने जाड होऊन हृदयाला आवळून बसलेलं. ते आवरण काढलं. चार महिन्यांनी आकडा ९ होता आणि तो पुन्हा परांचीवर चढायला लागला होता.

राहता राहिला आईंचा प्रश्न. तो सगळ्यात आधी घ्यायला हवा होता, कारण तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की सुजेपेक्षा त्यांना हा शब्दच जास्त लागलाय. त्यांना सांगा, लिव्हरवर जे आलंय ते बहुतेक सगळं हृदयाकडून आलंय. आणि हृदय आजारी पडलं ते लहानपणी घसा दुखून आलेल्या त्या तापाने, जेव्हा त्या बहुतेक शाळेत जात होत्या.